पाठीवरचे एकशे तीस किलो

सिंगापूरहून परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? मी म्हटलं, वजनकाटा. दोनदा पाहिला. बाकीचं सिंगापूर पाहिलं ते त्या दोन खेपांच्या आगेमागे. उंच इमारती, बागा आणि रात्रीची रोषणाई यांबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांचे फोटोही माझ्यापेक्षा चांगले असतात. मी माझं सांगते.

भोसरीत आमचं ट्रेलर बांधायचं वर्कशॉप आहे. नवऱ्याने सुरू केलं, गेली चौदा वर्षं मी चालवते. पाण्याचे टँकर, जनरेटरच्या गाड्या, फिरते दवाखाने असलं काम. २०१६ साली केतकीची ऑर्डर आली. केतकी माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण. ती सिंगापुरात बुओना व्हिस्टाजवळच्या एका संशोधन संस्थेत पाण्यावर काम करते. तिला तलावाकाठी नेऊन उभी करता येईल अशी फिरती प्रयोगशाळा हवी होती. आतली उपकरणं नाजूक, त्यामुळे मागे डुलत जाणारा साधा ट्रेलर चालणार नव्हता. फिफ्थ व्हीलचा हवा होता.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. कंटेनरच्या गाडीत पुढचं इंजिन वेगळं आणि मागचा ट्रेलर वेगळा असतो. मधे तव्यासारखी एक जाड बैठक असते, ती फिफ्थ व्हील. ट्रेलरच्या मानेखालचा खुंटा तिच्यात अडकतो. आम्ही तेच लहान आकारात केलं होतं. बैठक पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर. ट्रेलर मागून लोंबकळत येत नाही, त्याची मान पिकअपच्या पाठीवर टेकलेली असते. म्हणून तो सरळ चालतो. आणि म्हणूनच त्याचा भार पिकअपच्या पाठीवर येतो. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यात आहे.

ट्रेलर जहाजाने आधीच पोचला होता. मी गेले ती जोडणी करून द्यायला. आमच्या वर्कशॉपचा परदेशात गेलेला हा पहिला माल.

रविवार, बुओना व्हिस्टा

केतकी विमानतळावर आली होती. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मला जागा मिळाली, तिला नाही, तरी ती हसत उभी होती. सरकत्या जिन्यावर मी उजवीकडे उभी राहिले. मागून एक बाई अत्यंत सभ्यपणे "एक्स्क्यूज मी" म्हणाली, थांबली, पुन्हा म्हणाली. केतकीने मला कोपराला धरून डावीकडे ओढलं. उजवी बाजू घाई असलेल्यांची. आपल्याकडे घाई असलेला माणूस मधूनच जातो, त्याला बाजू लागत नाही.

तिचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. वरणभात, दोडक्याची भाजी, कोशिंबीर. जेवताना तिने वेळापत्रक सांगितलं. गुरुवारी सकाळी सरकारी तपासणी. शुक्रवारी क्रांजीच्या तलावावर, प्रकल्पाला निधी देणारे लोक पाहायला येणार.

"आणि गुरुवारची तपासणी हुकली तर?" मी विचारलं.

"पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तोवर ती मंडळी परत गेलेली असतील."

"मग?"

ती पानातली कोशिंबीर चमच्याने सारखी करत म्हणाली, "पुढचा टप्पा मंजूर झाला नाही तर माझा करार संपतो, ताई. करार संपला की पास संपला. मग महिन्याभरात सामान बांधायचं."

पास म्हणजे तिथे राहून काम करायची परवानगी. तिथल्या आपल्या मुलामुलींच्या बोलण्यात हा शब्द सारखा येतो, आपल्याकडे तब्येतीची चौकशी येते तसा. मी म्हटलं, "तपासणी हुकायचं कारण नाही. ट्रेलर मी बांधलाय."

हे वाक्य मला दोन दिवसांनी आठवलं.

सोमवार, तुआस

तुआस हे बेटाचं पश्चिमेचं टोक. सगळी कारखानदारी. पाहून मला बरं वाटलं, फक्त आमच्या भोसरीत इतकी झाडं नाहीत आणि रस्त्यावर ऑईल सांडलेलं असतं. तिथे मिस्टर कोह यांचं वर्कशॉप. वय पासष्टच्या पुढे, पायात रबरी बूट, गळ्यात टॉवेल. पिकअपमध्ये फिफ्थ व्हीलची बैठक त्यांनीच बसवली होती आणि गाडीही तेच चालवणार होते. दाराशी लाल रंगाचं छोटं देवघर, त्यात उदबत्त्या आणि तीन संत्री. देवाच्या शेजारी पान्यांचा फळा, प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. एकही पाना आपली जागा सोडून नव्हता. आमच्याकडे देवाची जागा पक्की असते, पान्यांची नसते.

"गुड मॉर्निंग, आंटी," कोह म्हणाले.

मी बावन्न वर्षांची. केतकीने समजावलं की इथे सगळ्याच बायका आंटी आणि सगळेच पुरुष अंकल. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग, अंकल." हिशेब मिटला.

आम्ही ट्रेलर जोडला. पिकअप मागे घेतली, खुंटा बैठकीत खट्ट करून बसला. कोहनी गाडी जरा पुढे ओढून पाहिली, खुंटा पक्का. मग त्यांनी पुठ्ठ्याचा तुकडा ट्रेलरच्या नाकाला चिकटवून गाडी पूर्ण वळवली, केबिनच्या मागच्या काचेला नाक लागतंय का ते बघायला. वीतभर जागा उरली. आम्ही भोसरीत हेच सुतळीने करतो. मला हा माणूस आवडायला लागला होता.

मग ते गाडीपासून वीस पावलं लांब जाऊन उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. मीही जाऊन शेजारी बसले. पिकअपचा मागचा भाग बसला होता. नाक वर. दिवे आभाळाकडे.

"टू हेवी," कोह म्हणाले.

"तीन टन ओढते ही गाडी," केतकी म्हणाली. "ट्रेलर सगळं सामान भरून दोन टन चारशे. कागदावर आहे."

"पेपर इज पेपर, लाह," कोह म्हणाले. हे "लाह" तिथले लोक वाक्याला सहज जोडतात, आपल्या "रे"सारखं. "उद्या काट्यावर नेऊ."

दुपारी त्यांनी आम्हाला हॉकर सेंटरमध्ये नेलं. हे म्हणजे एका छपराखाली खाण्याच्या पन्नास गाड्या, पण प्रत्येकीला नळ आणि नंबर. गर्दी प्रचंड. कोहनी रिकाम्या टेबलावर खिशातलं टिश्यू पेपरचं पाकीट टाकलं आणि निघाले. मी म्हटलं, कोणी बसलं तर? केतकी म्हणाली, कोणी बसत नाही, पाकीट म्हणजे जागा धरली. मला एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल आठवला. फरक एवढाच की आपल्याकडे रुमालानंतर भांडणही करावं लागतं.

मी माशांच्या गोळ्यांचं नूडल सूप घेतलं. गोळे चेंडूसारखे उसळतात पण चव चांगली. वर कोपी, म्हणजे तिथली कडवट कॉफी. साखर नको असेल तर "कोसोंग" म्हणायचं. मी म्हणायचं विसरले आणि गोड काढा प्याले.

मंगळवार, काटा

वजनकाटा म्हणजे जमिनीत बसवलेली मोठी लोखंडी पाटी आणि बाजूला खिडकीत बसलेला माणूस. जगात सगळीकडे असाच असतो. खिडकीतला माणूस सगळीकडे सारखाच कंटाळलेला असतो.

आधी नुसती पिकअप चढवली. बैठक, अवजारं, कोह आणि केतकी धरून दोन हजार तीनशे. मग ट्रेलर जोडला आणि फक्त पिकअपची चाकं पाटीवर घेतली. तीन हजार तीस. या पिकअपला स्वतःच्या चाकांवर जास्तीत जास्त दोन हजार नऊशे चालतं. मग सगळी जोडी पाटीवर घेतली. पाच हजार वीस.

मी पावतीच्या पाठीवर वजाबाकी केली. ट्रेलर दोन हजार सातशे वीस. कागदापेक्षा तीनशे वीसने जास्त. त्यातले सातशे तीस पिकअपच्या पाठीवर, म्हणजे झेपतात त्यापेक्षा एकशे तीस जास्त.

"म्हणजे तीन टनांच्या आतच आहोत ना?" केतकीने विचारलं. तिचा आवाज हळू झाला होता.

"ओढायला आत आहोत. उचलायला नाही. हातगाडी ओढणं वेगळं आणि पोतं पाठीवर घेणं वेगळं. तीन टन हे हातगाडीचं माप आहे. पाठीवर फक्त सहाशे उरतात."

"एकशे तीसच जास्त आहेत. एवढ्याने काय होतं?"

"मागची चाकं दबतात, पुढची हलकी होतात. स्टिअरिंग आणि अर्धा ब्रेक पुढच्या चाकांवर आहे. पावसात उतारावर ब्रेक मारलास तर कळेल काय होतं."

"मागे स्प्रिंगचा एक पाटा वाढवला तर? पुण्यात सगळे वाढवतात."

"पाटा वाढवला की गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच. ॲक्सल तोच, टायर तेच."

कोहना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी मान हलवली. "कॅनॉट," ते म्हणाले, म्हणजे नाही चालणार. पाटा हा शब्द न कळताही त्यांना सूचना कळली होती. सगळ्या देशांतले लोक काट्यावर तेच सुचवत असणार.

केतकी फोनमध्ये कॅलेंडर उघडून बघत राहिली.

मी बाजूला जाऊन भोसरीला फोन लावला. दिनकरराव आमचे फोरमन. नवऱ्याच्या वेळेपासूनचे.

"दिनकरराव, ट्रेलरच्या मानेत प्लेट कितीची टाकलीत?"

"का हो बाई, वाकली की काय?"

"वाकली नाही. कितीची?"

"ड्रॉइंगला आठ एमएमची होती. मी बाराची टाकली." मग हळूच, "आणि बाहेरून दोन्ही अंगाला पट्ट्या मारल्या. खालचं लोखंडी चॅनलपण एक साईज जाड घेतलं."

"कोणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? परदेशात चालली होती. तिथे मान वाकली असती तर नाव तुमचं गेलं असतं, माझं नाही."

मला ओरडायचं होतं, पण ओरडता येईना. चौदा वर्षं मीच या माणसाला सांगत आले होते की वाकायला नको, थोडं जास्त घाला पण वाकायला नको. भोसरीत कोणी जास्त मजबूत केलं म्हणून तक्रार करत नाही, कौतुकच करतं. दिनकररावांनी ट्रेलरवर माया केली होती आणि तिचं वजन तीनशे वीस किलो भरलं होतं. आणि ती माया काट्यावर न चढवता, ड्रॉइंगवरचाच आकडा ट्रेलरच्या वजनाच्या पाटीवर ठोकून, जहाजात चढवली होती मी.

परत येऊन मी केतकीला सांगितलं, "चूक माझी आहे. वजन न करता माल पाठवला. उद्याचा अख्खा दिवस आहे. करू."

मंगळवार संध्याकाळ, लिटिल इंडिया

डोकं चालत नसलं की मी बाजारात जाते. केतकी मला सेरंगून रोडला घेऊन गेली. मोगऱ्याचे गजरे, कढीपत्त्याच्या जुड्या, स्टीलचे डबे, देवळातली घंटा. दादरला आल्यासारखं वाटतं, फक्त सगळे सिग्नलला थांबतात. तिथल्या चोवीस तास उघड्या असलेल्या मोठ्या दुकानात मी नारळ आणि चार लिंबं घेतली.

"लिंबं कशाला, ताई?" केतकी म्हणाली. "गाडी तर अडकलीय."

"गुरुवारी चाकाखाली ठेवायला. गुरुवारी आयत्या वेळी कुठे धावायचं?"

ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली. आम्ही एका उपाहारगृहात डोसा घेतला. तिथे त्याला थोसै म्हणतात. मी सांबार एका बाजूला सारून कागदी मॅटवर ट्रेलर काढला. खुंट्यापासून चाकांपर्यंत पाच मीटर. जे वजन खुंट्याच्या जवळ, ते जवळजवळ सगळं पिकअपच्या पाठीवर. जे चाकांच्या वर, ते ट्रेलरच्या चाकांवर. चाकांच्या मागे ठेवलं तर उलट पाठीवरचं थोडं कमीच होतं, झोपाळ्याच्या फळीसारखं.

"पुढच्या कप्प्यात काय आहे?" मी विचारलं.

"बॅटऱ्या. एकशेवीस किलो."

"त्या पुढे का ठेवायला सांगितल्यास?"

"तारा कमी लागतील म्हणून."

"तारा वाढव. बॅटऱ्या चाकांच्या मागे."

"मग सगळंच मागे नेऊ की," ती म्हणाली. "भार आणखी कमी होईल."

"नको. पाठीवर फार कमी आलं तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. एक पंचमांशाच्या आसपास हवं. नेमकं हवं, कमी नको आणि जास्त नको."

बॅटऱ्या मागे नेल्या की पाठीवरचे शंभर-एक किलो जात होते. एकशे तीस हवे होते. राहिलेल्यासाठी दिनकररावांच्या पट्ट्या काढाव्या लागणार होत्या. साठ किलो, आणि ते अगदी खुंट्याजवळचे. मूळ गणित आठच्या प्लेटचं होतं, बाराची तिथेच राहणार होती, त्यामुळे मान कमजोर व्हायचा प्रश्न नव्हता. केतकीने कागदी मॅट घडी घालून पर्समध्ये ठेवली. सांबाराचा डाग बॅटरीवर पडला होता.

बुधवार, ग्राइंडर

सकाळी आठला आम्ही तुआसला. केतकी आणि तिच्या संस्थेतला इलेक्ट्रिशियन बॅटऱ्यांना लागले. कोहनी मानेवरच्या पट्ट्या बोटाने तपासल्या आणि म्हणाले, "व्हेरी नाइस वेल्डिंग." ही दिनकररावांची स्तुती होती आणि आमची पंचाईतही. गॅसने कापलं तर खालची प्लेट तापून खराब होईल. वेल्ड ग्राइंडरने हळूहळू खाऊन काढावं लागणार होतं. चार पट्ट्या, दोन माणसं लागणार, आणि कोहचा दुसरा कारागीर सुट्टीवर.

मी ओढणी काढून पर्समध्ये कोंबली, चष्मा आणि हातमोजे मागितले.

"आंटी, यू शुअर आ?" कोहनी विचारलं.

"अंकल, दुसरा ग्राइंडर कुठे आहे?"

फळ्यावर आकृतीच्या जागी होता. दिला.

नवरा गेल्यानंतर पहिल्या वर्षी, ऑफिसात बसून कामगार ऐकत नाहीत हे लक्षात आल्यावर, मी दिनकररावांकडूनच ग्राइंडर शिकले होते. त्यांनीच घातलेला वेल्ड मी त्यांनीच शिकवलेल्या हाताने काढत होते. तो निघता निघत नव्हता. पहिली पट्टी सुटायला सव्वा तास लागला. कोह एका अंगाला, मी दुसऱ्या. मधे एकदा त्यांनी यंत्र थांबवून माझं काम पाहिलं, प्लेटवर अंगठा फिरवला, कुठे खड्डा लागला नाही, आणि काही न बोलता आपल्या बाजूला गेले. दहा मिनिटांनी कोपी आली. कोसोंग. मी मागितली नव्हती, त्यांनी सोमवारचं माझं तोंड लक्षात ठेवलं होतं.

चौथी पट्टी दुपारी तीनला पडली. दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या. रंगाचा हात मारला, बॅटऱ्यांचे पट्टे आवळले, आणि पाच वाजता, काटा बंद व्हायच्या अर्धा तास आधी, पाटीवर चढलो.

पिकअपची चाकं. खिडकीतल्या माणसाने पावती फाडायला वेळ लावला. केतकीने माझा दुखरा हात धरला होता आणि मला तो सोडवता येत नव्हता.

दोन हजार आठशे सत्तर.

"किती चालतं?" केतकीने विचारलं. तिला पाठ होतं, तरी विचारलं.

"दोन हजार नऊशे. तीस किलो खाली आहोत."

पूर्ण जोडी चार हजार नऊशे साठ. ट्रेलर दोन हजार सहाशे साठ, पाठीवर पाचशे सत्तर. एक पंचमांशाहून जरासं जास्त. मी दोनदा भागाकार केला. कोह पुन्हा वीस पावलं लांब जाऊन उकिडवे बसले. मी शेजारी बसले. गाडी सपाट उभी होती.

"कॅन," ते म्हणाले.

एवढं छोटं प्रशस्तिपत्र मला कधी मिळालं नाही आणि एवढं मोठंही.

गुरुवार

वर्कशॉपच्या फाटकात मी नारळ फोडला. कोहनी त्यांच्या देवापुढे उदबत्ती लावली आणि एक माझ्याही हातात दिली. लिंबं चाकाखाली चिरडली आणि गाडी पुढे गेल्याबरोबर कोह झाडू घेऊन आले. रस्त्यावर कचरा नको. देव दोघांचे, झाडू सिंगापूरचा.

तपासणी करणारी बाई तिशीची, हातात फळी आणि पेन. तिने नवीन पावती आणि ट्रेलरची जुनी पाटी शेजारी शेजारी धरली. "हे वजन जुळत नाही," ती म्हणाली.

"पाटीवरचं चूक आहे, पावतीवरचं बरोबर आहे," मी म्हटलं. "नवी पाटी आणलीय." रात्रीच कोहच्या ओळखीच्या दुकानातून कोरून घेतली होती. ती तिच्यासमोर लावली. तिने दिवे, ब्रेक, ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लावणारी तार, सगळं ओढून पाहिलं. मग शिक्का मारला. केतकी बाहेर जाऊन पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी तिला उभं राहू दिलं.

शुक्रवार, क्रांजी

सकाळी निघताना केतकी म्हणाली, "चला ताई, बसा. मागच्या सीटवर जागा आहे."

"किती किलो मोकळे आहेत?"

"तीस."

"माझं वजन अडुसष्ट."

ती बघत राहिली. "ताई, तुम्ही एवढ्या लांबून या गाडीसाठी आलात."

"त्यासाठीच. निघा तुम्ही. सावकाश जा."

तिला नीट समजवायची गरज पडली नाही. कोहनी माझ्याकडे पाहून दोन बोटं कपाळाला लावली आणि गाडी सुरू केली.

मी एमआरटीने क्रांजीला गेले. बेटाची ही बाजू वेगळीच आहे. इमारती संपतात, झाडी लागते, शेतं दिसतात, कोंबडाही ऐकू येतो. स्टेशनवरून बस घेतली आणि तलावाच्या बांधाजवळ उतरले. पाणी सपाट, पलीकडे धुरकट किनारा. निधीवाली चार माणसं छत्र्या घेऊन आधीच उभी होती. मी त्यांच्यापासून जरा बाजूला, रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

वळणावरून आधी पिकअप आली, मग ट्रेलरचं पांढरं नाक. मी दिव्यांकडे पाहत होते. दिवे रस्त्याकडे होते. बांधाच्या उतारावर कोहनी ब्रेक लावला, जोडी एका रेषेत हळू होत माझ्यासमोर थांबली. ना पुढून उचललं, ना मागून ढकललं.

केतकीने स्वतः ट्रेलरचे लोखंडी पाय जमिनीला टेकवून तो सोडवला, पिकअप पुढे काढायला लावली, आणि चाळीस मिनिटांत तलावाच्या पाण्याचे पहिले आकडे पडद्यावर दाखवले. त्या चौघांतल्या वयस्कर माणसाने तिला प्रश्न विचारले आणि शेवटी, पुढच्या वर्षी असे आणखी किती ट्रेलर लागतील, हे विचारलं. पुढच्या वर्षी, असं म्हणाला. केतकीने माझ्याकडे बोट दाखवलं. "बांधणाऱ्या त्या आहेत. त्यांना विचारा."

मी सांगितलं, "दोन. आणि हलके."

तिथूनच दिनकररावांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "वाकली नाही ना?"

"नाही वाकली, तुमच्या पट्ट्या काढूनही. आणखी दोन ट्रेलर करायचेत. ड्रॉइंगप्रमाणे. आठची प्लेट."

"आठचीच?"

"आठचीच. आणि निघण्याआधी काट्यावर. मी स्वतः उभी राहणार."

मग ते म्हणाले, "माझ्या पट्ट्या काढायला किती वेळ लागला?"

"दिवस गेला. दोन माणसांचा."

"मग ठीक आहे," दिनकरराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातलं समाधान मला दोन देश ओलांडून ऐकू आलं.

ट्रेलर आणि केतकी तलावावर राहिली. परत जायला फक्त पिकअप होती. कोहनी पुढचं दार उघडून धरलं.

"नाऊ कॅन, आंटी. प्लेंटी ऑफ रूम."

मी सीटवरची अवजारांची पेटी मागे सरकवली आणि बसले.